बिनविडीचे एक्केचाळीस दिवस

जवाहरनगर,
४ नोव्हेंबर २०२४

बाबुलाल,
जय भीम.

फोनवर बोलताना तुझं निम्मं वाक्य खोकल्यात जातं आणि उरलेलं निम्मं तू मुद्दाम गिळतोस. म्हणून आजपासून आपण पत्रांनी बोलायचं. वीस वर्षं तू तेंदूपत्ता जमा होतो त्या फडीवर मुन्शी होतास, तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. सबब चालणार नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत होतास, म्हणून पुन्हा लिहिते. डाव्या फुप्फुसात गाठ आहे. ती अजून एकाच जागी आहे, म्हणून कापून काढता येईल. पण चाळीस वर्षांच्या विडीने तुझी छाती इतकी थकली आहे, की अंगात तंबाखू असताना भूल द्यायला ते तयार नाहीत. सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद. २३ डिसेंबरला लघवी तपासतील. त्यात तंबाखूचा अंश निघाला तर ऑपरेशनची तारीख मिळणार नाही, आणि गाठ काही तारखेची वाट पाहत बसणार नाही. इतकं साधं आहे.

आता मुद्द्याचं. मनाली जर्मनीहून पंधरा दिवस आली होती. मामाचं कळल्यावर तिने येताना दोन यंत्रं आणली. तिकडे तंबाखू सोडणारे लोक ती वापरतात. त्यात झाडपाला भरायचा. तो जळत नाही, नुसता तापतो. धूर नाही, वाफ येते, ती ओढायची. अडुळसा, तुळस, पुदिना, काहीही चालतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काहीच न ओढणं सगळ्यात चांगलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही.

पहिलं यंत्र म्हणजे बोटाएवढी स्टीलची नळी. टोकाला पाला भरायचा, वर टोपण लावायचं, टोपणाला लायटरची ज्योत दाखवायची. पुरेसं तापलं की टोपण ‘टक्’ वाजतं. मग ज्योत काढून ओढायचं. ना वायर, ना बॅटरी. मनाली म्हणते, हे कधी बिघडत नाही. दुसरं मुठीत मावणारं, मोबाइलसारखं चार्ज करायचं. त्यावर आकडे दिसतात. एकशे सत्तर अंश म्हटलं की ते एकशे सत्तरच ठेवतं आणि पाच मिनिटांनी आपोआप बंद होतं.

मी तुझ्यासाठी दुसरं निवडलं आहे. पहिल्यात ज्योत आहे आणि सगळा अंदाज हाताचा. तुझ्या हाताला ज्योत दिसली की चाळीस वर्षं एकच काम आठवतं. माझा आकड्यांवर विश्वास आहे, तुझ्या हातावर नाही.

सरकारने विजेच्या सिगारेटी बंद केल्या आहेत. हे त्यात मोडतं का, ते मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

पार्सल मिळेल त्या दिवसापासून विडी बंद.

मालन


पिंपळटोला, ता. साकोली
१३ नोव्हेंबर

ताई,
जय भीम.

मशीन काल भेटली. कालपासून बिडी बंद. हे पयल्यांदा लिवतो, नाहीतं तू बाकीचं वाचणार नाहीस.

तुह्या भावजयीनं, आनंदीनं, डब्बा उघडून पाह्यलं अन म्हनते, “हे तं मोबाइलचं पिल्लू हाय. याले दूध पाजा लागते का?” म्या म्हनलं, करंट पाजा लागते. तं म्हनते, “मंग मराच हाय ते. आपल्या टोल्यावर करंट हप्त्यात किती दिवस राह्यते?” तरी म्या चार्ज केलं. हिरवा लाइट लागला. अडुळसा भरला. आकडा आला. ओढलं. ताई, खरं सांगू? आजारी मानसाच्या तोंडावर कोनी गरम पान्याचं भांडं धरते ना, तसं लागते. अन पाच मिनटात आपोआप बंद. तुह्यासारखी मास्तरीनच हाय, तास संपला का घंटी.

तुले नाही समजनार, पन बिडीत अर्धा जीव काडीचा असते. काडी ओढाची, हाताचा आडोसा कराचा, वाऱ्याची दिशा पाहाची. थे सारं करता करता मानूस जरासा थांबते. या मशीनमंदी थांबनं नाही. बटन दाबलं का झालं. म्हनून विचारतो, थे टक् वाजनारी नळी मले काहून नाही पाठवत?

आनखी एक विचारतो. नाही म्हनाच्या आधी चार ओळी वाच. हे सहा हप्ते मी तुह्याकडं येऊन राहू का? इथं सकाळपासून आनंदीपुढं बिड्या वळाले तंबाखूचं सूप असते. घरात, अंथरुनात, पान्याच्या गुंडात, सारीकडं थोच वास. थे बिड्या वळनं बंद कर असं मी कोन्या तोंडानं म्हनू? तुह्याकडं वरांड्यात झोपीन. खोकलो तं बाहेर जाऊन खोकलीन.

बाबुलाल


जवाहरनगर,
१८ नोव्हेंबर

बाबुलाल,

चार ओळी वाचल्या. उत्तर नाही असं आहे.

२०११ साली तू असाच माझ्याकडे आला होतास. हे तेव्हा फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो. महिनाभर विडीला हात लावला नाहीस. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या भावाने विडी सोडली. मग तू गावी निघालास, आणि साकोलीच्या बसस्टँडवर उतरल्या उतरल्या पेटवलीस. ते मला तुझ्याच गावच्या टिकारामने हसत हसत सांगितलं. तो महिना मी सोडवलेला होता, तू सोडलेला नव्हता. यावेळी वास असलेल्या घरातच सोडायची. तिथे सुटली तरच सुटली.

नळी मिळणार नाही. थांबायचं असेल तर यंत्र हातात न घेता थांब.

रोज किती वेळा वाफ घेतली, किती अंशावर, ते लिहून ठेव. फडीवर पानांचे पुडके मोजून लिहीत होतास, तसंच.

आनंदीला माझा जय भीम. तिची थट्टा मला पोचली. तिला म्हणावं, करंट जातो तशी माणसंही जातात, म्हणून हे सगळं चाललं आहे.

मालन


पिंपळटोला,
२८ नोव्हेंबर

ताई,
जय भीम. आज सोळावा दिवस. बिडी नाही.

आता वाईट खबर. मशीन मेली. माह्या हातानं मेली. तू रागवशील, पन कशी मेली थे आयक.

पाला लई सुकला होता. चिमटीत धरला का भुगा. तुले मालूम हाय, आमच्या कामात सुकलेल्या पानाले कोनी हात लावत नाही. तेंदूचं पान असो का तंबाखू असो, आधी पान्याचा हात माराचा, ओल्या बारदानात दाबून ठेवाचं, मंग थे नरम होते, मंग कामाले घ्याचं. चाळीस वर्साची सवय. म्या अडुळशावर पानी मारलं, दाबून ठेवलं, नरम झाल्यावर मशीनमंदी ठासून भरलं. बटन दाबलं. आत चर्र झालं, लाइट लाल झाला, मंग पिवळा, मंग काईच नाही. दोन दिवस तांदळाच्या डब्ब्यात ठेवून पाह्यली. उठली नाही. या चिठ्ठीसंग परत पाठवतो.

आनंदी म्हनते, “सांगतलं होतं ना, दूध पाजा लागते, पानी नाही.”

मशीन नसली तरी मी बिडी नाही ओढली. विस्वास ठेव का नोको ठेवू. हात लई खाजवतात. हाताचं काय करू समजत नाही. म्हनून आता दुपारी आनंदीपाशी बसतो अन थे वळते त्या बिड्यायची तोंडं, पान आत दुमडून, मोडून देतो. हात कामात राह्यले का तोंड चूप बसते. थे म्हनते, एवढ्या वर्सात पयल्यांदा नवरा कामाचा निंघाला.

नळी पाठव ना. तिच्यात करंटच नाही तं पानी लागून मरन काय?

बाबुलाल


जवाहरनगर,
३ डिसेंबर

बाबुलाल,

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग तासाभराने हसले. हसले ते आनंदीच्या वाक्यावर, तुझ्या नाही.

सुका म्हणजे सुकाच पाला भरायचा. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तू ओला करशील असं जगात कुणालाही सुचलं नसतं, पण मला सुचायला हवं होतं, मी त्याच घरात वाढले.

नळी पाठवते आहे. माझ्या मनाविरुद्ध पाठवते आहे, हे लक्षात ठेव. टोपण ज्योतीच्या वर धरायचं, ज्योतीच्या आत नाही. टक् झालं की थांबायचं. त्यानंतरही तापवत राहिलास तर पाला जळतो, आणि जळला की तो धूरच. आत फक्त अडुळसा किंवा तुळस. दुसरं काहीही गेलं तर तपासणीत दिसेल, आणि मला तपासणीच्या आधी दिसेल.

सोळा दिवस झाले हे चांगलं आहे. हात कामात ठेवतोस तेही चांगलं करतोस. ते चालू ठेव.

तेवीस तारखेला सकाळी साडेसहाच्या बसने निघ. मी भंडाऱ्याच्या स्टँडवर थांबते.

मालन


पिंपळटोला,
१५ डिसेंबर

ताई,
जय भीम. तेहतीस दिवस.

तुही नळी म्हनजे काय चीज हाय! सकाळी उठलो का आंगनात जाऊन बसतो, पाठ उन्हाकडं. पाला भरतो, सुका. टोपन लावतो. लायटर नाही, म्या आपली काडीच वापरतो, दोन काड्या लागतात. वाऱ्याले पाठ द्याची, आडोसा कराचा, वाट पाहाची. अन मंग टक्. ताई, थो आवाज आयकला का आतून कोनी म्हनते, घे आता. तुह्या त्या मशीनले आकडे होते, हिले कान लागते.

सकाळी दोनदा, सांजेले एकदा. लिवून ठेवतो, फडीसारखंच.

टिकाराम रोज पाहाले येऊन बसते. परवा म्हनते, “बाबुलाल, ह्या वयात बासरी शिकून राहिला का?” म्या म्हनलं, हो, बहिनीनं पाठवली जर्मनीवरून. तं म्हनते, “वाजव ना.” म्या टोपन तापवलं, टक् झालं. थो म्हनते, “बस? एवढंच गानं?” सारे हसले. पन जाताना थो उभा राह्यला अन म्हनला, “तू खरंच सोडली का बे?” अन त्याच्या खिशातली बंडल त्यानं माह्यापुढं काढली नाही. पयल्यांदा. टिकारामनं.

मले वाटते ताई, ह्या खेपेले होते.

खोकला तसाच हाय, पन झोप येते. आनंदीचं काम डबल झालं हाय, मी तोंडं मोडून देतो म्हनून. थे म्हनते, आपरेशनच्या नंतर बी हेच काम ठेवा.

तेवीसले भेटू. सहालाच स्टँडवर येऊन बसीन.

बाबुलाल


जवाहरनगर,
२७ डिसेंबर

बाबुलाल,

चार दिवस थांबून लिहिते आहे, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर ते पत्र फाडावं लागलं असतं.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, “हे कसं झालं?” ते ऐकून मला जास्त लाज वाटली. लघवीत तंबाखू आहे, थोडी नाही, चांगली आहे. ते म्हणाले, “मॅडम, माणूस काहीही सांगेल, कागद खोटं सांगत नाही.” मी एकतीस वर्षं शाळेत मुलांच्या खिशातून विड्या काढल्या. एकही पोरगं असं नव्हतं ज्याने “मी नाही ओढली” म्हटलं नाही. तू त्या पोरांच्या रांगेत उभा होतास, फरक इतकाच की तू अडुसष्ट वर्षांचा आहेस.

ज्योत हातात आल्यावर नळीत काय जाईल ते मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं. माझं चुकलं ते तुझं ऐकलं, इथे. तेहतीस दिवस, टक् आणि कान आणि टिकाराम, हे सगळं वाचून मी मनालीला फोन करून सांगितलं होतं. तिलाही आता सांगावं लागलं.

नळी तुझ्या पिशवीतून मी काढून घेतली, ती माझ्याकडे आहे. पुन्हा मागू नकोस. भंडाऱ्याच्या स्टँडवर तू ताई ताई करत होतास, मी ऐकलं.

डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांनी बघू. दोन महिन्यांनी काय बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

मालन


पिंपळटोला,
९ जानेवारी २०२५

ताई,
जय भीम.

म्या नाही ओढली. नळीत बी अडुळशाबिगर काई नाही टाकलं. हे येकदाच लिवतो. पुन्हा नाही लिवनार.

आता ओढून राहिलो. अठ्ठावीस तारखेपासून. एक्केचाळीस दिवस न ओढून चोर झालो. मंग ओढूनच झालेलो बरा.

बाबुलाल


जवाहरनगर,
२ फेब्रुवारी

बाबुलाल,
जय भीम.

हे पत्र आनंदीलाही वाचून दाखव.

उर्वशी नावाची माझी एक विद्यार्थिनी भंडाऱ्याला एका लॅबमध्ये काम करते. संक्रांतीनंतर ती घरी आली. बोलता बोलता मी तुझं नाव न घेता तिला विचारलं, की तंबाखूच्या तपासणीत कधी चूक होते का. ती म्हणाली, फारशी नाही. मग तिनेच विचारलं, “मॅडम, त्या माणसाच्या घरी विड्या वळतात का?”

मी हो म्हटलं, आणि त्यापुढे तिने काही सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं. विड्या वळणाऱ्या बायका, ज्यांनी जन्मात विडी ओठाला लावली नाही, त्यांच्या लघवीतही तंबाखू निघते. भुकटी श्वासातून जाते. हाताच्या कातडीतून जाते. ओल्या तंबाखूने तर जास्तच. तपासणी फक्त एवढंच सांगते की अंगात आहे. कुठून आली ते सांगत नाही.

तू मला आधी लिहिलं होतंस की घरभर तंबाखू आहे, मला तुझ्याकडे घे. मी २०११ काढून बसले. मग तू लिहिलंस की दुपारभर बिड्यांची तोंडं मोडतो. मी त्यावर शाबासकी दिली. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. कातडीला छिद्रं असतात हे दर वर्षी सातवीला फळ्यावर चित्र काढून शिकवलं. कागदावरचा आकडा पाहिला, आणि तो कशाचा आकडा आहे ते विचारलं नाही.

तू विडी ओढली नव्हतीस. मी चुकले. याहून जास्त शब्द मला येत नाहीत.

आता काय करायचं ते. मी परवा एकटी नागपूरला जाऊन आले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, घरापासून लांब ठेवा, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासू, पण आधी स्कॅन नव्याने करा, आधीच्या स्कॅनला तीन महिने झालेत. अकरा तारखेला भंडाऱ्याला स्कॅन आहे. रिपोर्ट ते त्याच दिवशी, थेट माझ्या हातात देतील. त्यानंतर तू गावी जायचं नाहीस, इकडे यायचं. मनालीची खोली रिकामी केली आहे, खिडकी पूर्वेकडे आहे, सकाळी ऊन येतं. घरचे कपडे आणू नकोस, सगळ्यांना तंबाखू लागलेली असेल. मी चार जोड शिवून घेतले आहेत. मापाचा अंदाज आहे, सैल झाले तर बेल्ट लाव.

विडी आजपासून पुन्हा बंद. हे सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगते.

मालन


पिंपळटोला,
८ फेब्रुवारी

ताई,
जय भीम.

तुही चिठ्ठी आनंदीले वाचून दाखवली. “मी चुकले” आलं तवा थे म्हनते, थांबा, पुन्हा वाचा. म्या पुन्हा वाचलं. म्हनते, “याले लॅमिनेशन करून भितीले लावू. बाईसाहेबायनं चूक कबूल केलेला पयलाच कागद हाय.” मंग थे म्हनली, “म्हंजे माह्यामुळं झालं का हो?” म्या म्हनलं, नाही, कामामुळं झालं. थे म्हनते, “काम कोनाचं हाय मंग?” असं बोलत बसलो. तू तिले काईतरी लिव. मी सांगतो थे तिले पटत नाही.

तुह्यावर राग होता थो गेला. खोटं नाही सांगत, लई होता. पन टिकारामले म्या तुही चिठ्ठी दाखवली, त्यानं पुरी वाचली. मंग म्हनला, “माह्या बायकोच्या बी लघवीत असन का रे?”

बिडी चार दिवसापासून बंद. जमून राहिलं. ह्या खेपेले मशीन नाही, नळी नाही, काईच नाही. पन तुह्याकडं आलो का नळी दे. थे वाली, टक् वाली. करंटवालीचं नाव काढू नोको.

पँट सैल झाली हाय, बेल्टाले दोन भोकं नवीन पाडली. खोकल्यात कदीकदी लाल येते, पन थोडंसंच, आनंदीले सांगतलं नाही. तूबी सांगू नोको. अकराले स्कॅन करून तसाच बसमंदी बसतो अन तुह्याकडं येतो. सकाळचं ऊन लिवलं होतं, थे वाचून बरं वाटलं.

बाबुलाल


जवाहरनगर,
१७ फेब्रुवारी

प्रिय बाबुलाल,
जय भीम.

अकरा तारखेला तू भंडाऱ्याला आतून बाहेर आलास आणि मी तुला म्हटलं, आज तू घरीच जा, दोन-चार दिवसांनी बघू. मी तेव्हा सांगितलं की खोलीत रंगाचं काम निघालं आहे. ते अजून चालू आहे. तेव्हा इकडे यायची घाई करू नकोस. घरीच राहा. आनंदी तिथे आहे, अंगण आहे, तुझी माणसं आहेत.

मीच पुढच्या आठवड्यात येते. महिनाभर राहीन म्हणते, तुम्हा दोघांना चालत असेल तर. तुला लाखोरीच्या डाळीचे वडे आवडायचे, ते करून आणते. आणखी काही खावंसं वाटत असेल तर लिही.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात नळी आहे. बॅटरीवालं यंत्रही आहे. नोव्हेंबरात तू परत पाठवलं होतंस ते मी भंडाऱ्याच्या मोबाइलवाल्याकडून उघडून, वाळवून घेतलं, आता चालतं. कुठलं वापरायचं ते तू ठरव. नळी आवडत असेल तर नळी वापर. दिवसातून कितीही वेळा. लिहून ठेवायची गरज नाही. पाला जळला तरी फारसं बिघडत नाही.

आणि दोन्ही नको वाटली, विडीच ओढावीशी वाटली, तर ओढ. मी सांगते आहे. मनाला मारून काही करू नकोस.

आनंदीला म्हणावं, तिच्यामुळे काही झालेलं नाही. मी तिला समोरासमोर सांगेन.

थंडी अजून आहे. अंगावर घेऊन बसत जा.

तुझी,
मालनताई


पिंपळटोला,
२४ फेब्रुवारी

ताई,
जय भीम.

पारसल भेटलं. दोनी चीजा खाटेवर मांडून ठेवल्या हाय. अजून कोन्याले हात लावला नाही. बिडीले बी नाही.

तू ये. राह्य. वडे आन. पन येशील तवा नेहमीसारखी रागवत ये. अंगनात पाय ठेवल्या ठेवल्या मले काईतरी बोल. नाहीतं आनंदी समजन.

डागदर किती दिवस म्हनला, थे मले येकट्याले सांग. सांगशील ना? रंगाचं काम वगैरे नोको लिवू. तू खोटं लिवतेस तवा तुहं अक्षर लई सुंदर येते.

चिठ्ठी वाचून झाली तवा आनंदीनं विचारलं, “काय लिवलं बाईनं? स्कॅनचं काय झालं?”

म्या म्हनलं, स्कॅनचं नाव नाही त्यात.

“मंग काय लिवलं?”

म्या म्हनलं, ताईनं मले बिडी ओढ म्हनलं हाय.

मंग तिनं पुढ्यातलं सूप बाजूले सारलं.

बाबुलाल